गोमाच्या घरचा कुकारा

भोकरवाडीत बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. घरात त्यावाचून काही अडत नाही; "ओ काजलच्या बापा" म्हटलं की झालं. पण रानात? खाली खाचरात बायको, वर माळावर नवरा आणि मधे सगळं कारवीचं रान. तिथून "ओ काजलच्या बापा" असं ओरडून बघा. वाऱ्यावर नुसतं "बापा" तेवढं वर पोचतं आणि वाडीतले सगळेच बाप वळून बघतात.

म्हणून कुकारा. ज्याच्या त्याच्या घरचा निराळा. बारकूच्या घरचा एकच लांबलचक, म्हातारी म्हैस हंबरावी तसा. सुंदराकाकीचा तिच्या बोलण्यासारखा, खाटखाट खाटखाट, मधे श्वास नाही. आणि गोमाच्या घरचा दोन आखूड, एक लांब, आणि लांबाचं शेपूट वर उचललेलं. कूक, कूक, कूऽऽऽई? जसं कुणी काही विचारतंय. आपल्या घरचा ऐकू आला की हातातलं टाकायचं, खालच्या आवाजात एकच "कूव" द्यायचा आणि निघायचं. दुसऱ्याच्या घरचा कधी घालायचा नाही. पोरांनी गमतीनं घातला तर पाठीत धपाटा ठरलेला.

जिवली गोमाशी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला गोठ्यामागं नेऊन शिकवला. पहिला असा निघाला की कोंबड्या पांगल्या आणि बारकूचा कुत्रा कुंपणाखाली शिरला. "अगो, घसा हाय का फुटका डबा?" सासू म्हणाली. आख्खा पावसाळा जिवली गुरांमागं फिरताना घासत राहिली. मग एक दिवस तिनं खाचरातून घातला तो असा सरळ वर गेला. माळावरून "कूव" आला आणि मागोमाग गोमा, ठेचकाळत, पायात काटा घेऊन.

"काय झाला गो?"

"काय नाय. बघत व्हती, येतोस का."

"आलो ना?"

"आलास."

गोमा काट्यासकट हसला होता. पुढं किती वर्षं कधीही तो कुकारा आला आणि गोमा आला नाही, असं झालं नाही.

मग वाडीजवळच्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत एसटी यायला लागली आणि तिच्यातून रविवारी डोंगर चढणारे उतरायला लागले. त्यांचा म्होरक्या साईनाथ. राहणारा कल्याणचा, आठवडाभर वाशिंदच्या एका कारखान्यात, आणि रविवारी 'सर'. उतरल्या उतरल्या टाळ्या. "गाईज, गाईज, प्लीज लिसन! हे आपले गोमादादा! चालताबोलता नकाशा! कोणी त्यांच्या पुढे जायचं नाही, ओके?" की लगेच सगळे पुढे.

गोमाला हे आवडायचं. अंगातच होतं त्याच्या. वाटेत तो भेकराचं भुंकणं करून दाखवायचा, बिबट्याचं करवतीसारखं घसघस करायचा, आणि दमलेल्यांना हसवायला एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढायचा. "ओ लाल टोपी, सरका पुढं, डोंगर रिकामा हाय!" पोरी पोट धरून हसायच्या. एकीनं त्याला आपल्या नवऱ्याचे जुने बूट आणून दिले होते. जाड तळव्याचे.

एका रविवारी कड्याच्या टोकावर सगळे फोटो काढत होते, तेवढ्यात खालून कूक, कूक, कूऽऽऽई? गोमानं न बघताच "कूव" दिला.

"दादा, हा कुठला पक्षी?"

"पक्षी कशाचा? बायको हाय माझी."

मग काय विचारता. "वॉव!" "सो क्यूट!" "दादा, परत! दादा, शिकवा ना!" आणि गोमानं शिकवला. एकेकाला पुढं बोलावून, गळ्याला हात लावून, शेपूट कसं उचलायचं ते हातानं दाखवून. साईनाथनं मोबाईलवर सगळं घेतलं.

संध्याकाळी जिवली चुलीपुढून उठलीच नाही. "त्यांला शिकवलास? आपला?"

"त्यात काय झिजतंय?"

"झिजतंय का नाय, ते तुला काय म्हाईत. तू तर ऐकणारा."

पुढच्या रविवारी एसटी वळणावर असतानाच खिडक्यांतून कुकारे. एक बदकाचा, एक कोंबड्याचा, एकाचा मधेच खोकला. पुढच्या महिन्यात साईनाथला न ओळखणारेही घालायला लागले. साईनाथनं घेतलेला व्हिडिओ मोबाईलवर सगळ्या मुलखानं बघितलेला. सुंदराकाकी अंगणातूनच ओरडली, "गोमा, तुझी बायको यष्टीत बसून आली काय रं? आन् किती रं बायका तुझ्या!" वाडी हसली. गोमाही हसला.

सुरुवातीला तो फसायचा. एक घोळका पुढं, एक मागं. मागून कुकारा आला की हा धावत खाली. करवंदीच्या जाळीमागून पोरं टाळ्या पिटत बाहेर. "आला! बघ, खरंच आला!" दोनतीनदा असं झाल्यावर त्यानं सोडून दिलं. रविवारी ओ द्यायची नाही. आठवड्यात एकच दिवस, तेवढ्यानं काय होतंय.

भात पिवळं पडायला लागलं तेव्हाचा रविवार. गुरांना गवत हवं म्हणून जिवली विळा घेऊन वरच्या ओहोळाकडं गेली होती. गोमा कड्याच्या टोकावर साईनाथच्या लोकांना भाकरी वाढत होता. समोरच्या डोंगरधारेवर दुसरेच कोणी लाल-निळे ठिपके चढत होते.

कूक, कूक, कूऽऽऽई?

"दादा, तुमचे फॅन!" साईनाथ म्हणाला. सगळे हसले.

"ओरडू द्या. दमतील."

परत आला. आखूड, आखूड, लांब, आणि शेपूट असं अलगद वर. गोमाचा भाकरीचा हात थांबला. मान तिरकी झाली. तोंडावर कौतुक आलं.

"ऐका, ऐका. असा पायजे," तो म्हणाला. "ह्याला जमला बघा."

मग कड्यावरच्या सगळ्यांनी मिळून ओ दिली. "कूव! कूव!" समोरच्या धारेवरूनही आली. त्यांच्या मागच्यांनीही दिली. सगळा डोंगर ओ देत होता. कुकारा आणखी थोडा वेळ येत राहिला, मग बंद झाला. पिठलं चांगलं झालं होतं, असं सगळे म्हणाले.

पाहुण्यांना एसटीत बसवून गोमा घरी आला तर लेक काजल दारात. "आयस नाय आली अजून."

तो तसाच बूट घालून ओहोळाकडं पळाला आणि आयुष्यात पहिल्यांदा घरचा कुकारा घालून ओ ऐकायला उभा राहिला. काही नाही. जिवलीचा घसा केव्हाच बसला होता. मागोमाग वाडी शोधायला आली; सुंदराकाकीला आधी विळा दिसला, मग शेवाळलेल्या दगडांमधे जिवली, पाय धोंड्याखाली वाकडा. घोंगडीची झोळी करून खाली आणली. एसटी गेलेली, टोकावड्याहून जीप मिळाली, मुरबाडला नेली. पाय जुळला, पण गुडघा वाकायचा तो वाकेनाच.

दवाखान्यात ती घोगऱ्या आवाजात एवढंच बोलली, आणि तेही काकीला. "सगळी ओ देत व्हती गो. मी म्हटला, बापरे, एवढी माणसं येतायत."

साईनाथ भेटायला आला. सफरचंदं आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन. खाटेशेजारी बसला, डोळे पुसले. खरंच पुसले. "वहिनी, आम्ही ऐकलं हो तुम्हाला. म्हणजे आम्हाला काय माहीत! दादा तर म्हणाले, ह्याला जमला! आणि त्या तुम्हीच! अजून काटा येतो अंगावर."

गोमा खाली बघत बुटाच्या तळव्याला लागलेला चिखल काढू लागला.

"असा म्हटला?" जिवली म्हणाली.

साईनाथनं सगळ्यांना बजावलं. दोन रविवार एसटी मुकी आली. तिसऱ्या रविवारी वळणावर एकानं घातला, मग दुसऱ्यानं. गोमा फाटकापाशी गेला, हात जोडले. "नका रं घालू. माझ्या घरचा हाय तो." खिडकीतून एक पोरगी म्हणाली, "सो स्वीट!" आणि तिनं त्याचे जोडलेले हात मोबाईलवर घेतले. कंडक्टर म्हणाला, "गोमा, सरक बाजूला, गाडी वळवायचीय."

त्यानं वाट दाखवायचं सोडलं. काही बिघडलं नाही. साईनाथला बारकू मिळाला. बारकू दुसऱ्याच्या घरचा कुकारा चांगला घालतो. आता त्याला धपाटा कोण मारणार.

भाताची झोडणी उरकल्यावर गोमा लाकडाची मोळी घेऊन माळावरून उतरत होता. ओझं जड होतं. वरून आपलं अंगण दिसत होतं. ओट्यावर जिवली, पाय सरळ सोडून, सुपातले वाल निवडत. मोळी उतरवायला काजलला पुढं धाडावं म्हणून त्यानं कुकारा घातला. दोन आखूड, एक लांब, शेपूट वर.

जिवलीचा हात थांबला. ते त्याला वरून स्पष्ट दिसलं. मग हात परत वालात फिरायला लागला.

त्यानं पुन्हा घातला. मग पुन्हा. खालून काही नाही. मोळी त्यानं एकट्यानंच आणली, अंगणात आदळली, खांदा सोललेला.

"ऐकू नाय आला काय गो?"

"आला की."

"मग?"

"मला वाटला, पाव्हणे."

"आज मंगळवार हाय, जिवले."

तिनं एक किडका वाल उचलला, उजेडाकडं धरून बघितला आणि अंगणात टाकला.

"व्हय काय?" ती म्हणाली. "पण ज्यानं कोणी घातला, त्याला जमला हां. बरा जमला."