मागच्या चाकाची हवा

आमच्या ह्यांनी नाशिकच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून जुनी मोटारसायकल विकत आणली, तेव्हा ती माझ्याच वयाची आहे असं मला अभिमानाने सांगितलं. माझ्या वयाचं त्यांना एवढं कौतुक मी पहिल्यांदाच पाहत होते.

गाडीपाठोपाठ फोनवर एक ग्रुप आला. त्यात जुन्या गाड्या बाळगणारे पन्नासेक पुरुष होते आणि आठवडाभर त्यांच्यात एकच चर्चा चालली होती, टायरमध्ये हवा किती ठेवायची. एकाने लिहिलं, दोन्ही चाकांत छत्तीस पॉइंट भरा, गाडी हलकी पळते. आमचे हे मोखाड्याच्या कचेरीत कारकून आहेत. एका दाखल्यासाठी लोकांना चार हेलपाटे घालायला लावतात. पण ह्या कधी न पाहिलेल्या माणसाचं त्यांनी त्याच संध्याकाळी ऐकलं.

माझी शाळा सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर आहे. सकाळची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून मी ह्यांच्या मागे बसून जायचे. छत्तीस पॉइंट भरल्यापासून गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडायला लागली. मी सीटवर बसायचे कमी, आदळायचे जास्त. पाठ दुखते म्हटलं, तर हे म्हणाले, "सीटच्या स्प्रिंगा ओरिजिनल आहेत." म्हणजे तक्रार करायची सोयच नाही. वळणावर खडी आली की पुढचं चाक सरकायचं आणि हे रस्त्याला शिव्या घालायचे.

महिनाभराने ग्रुपात दुसरा विद्वान उगवला. त्याच्या मते डोंगरात हवा कमी पाहिजे, दोन्हीकडे पंधरा, म्हणजे चाक रस्ता धरून ठेवतं. ह्यांनी लगेच पंधरा केली. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस गादीवर बसल्यासारखं वाटलं आणि त्या माणसाला मीही मनातल्या मनात दुवा दिला.

तिसऱ्या दिवशी चढावर मागचं चाक एकदम बसलं. गाडी आडवीतिडवी होत कशीबशी थांबली. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटून निघाला होता. ह्यांनी त्याचा फोटो काढला आणि तो ग्रुपात टाकायला रेंज शोधत दरडीवर चढले. मी थोडा वेळ थांबले, मग वह्यांची पिशवी खांद्याला लावून शाळेकडे चालू लागले. वाटेत पाण्याला निघालेल्या बायका भेटल्या.

"बाई, आज पायी?" एकीने विचारलं.

"गाडीतली हवा गेली."

"मग भरायची ना," ती म्हणाली आणि पुढे गेली.

रविवारी गाडी टेम्पोत घालून जव्हारला नेली. तिथे एक चाचा वडिलांच्या वेळेपासून टायरचं काम करतात. मीही सोबत गेले, कारण तिथे काय झालं ते ह्यांनी घरी येऊन मला धड सांगितलं नसतं. दुकानात पोचल्याबरोबर ह्यांनी ग्रुपातले सगळे आकडे ऐकवायला सुरुवात केली. चाचा टायर उतरवता उतरवता ऐकत होते.

"साहेब, मागे कोण बसतं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"ही बसते."

"हे सांगितलंत त्या लोकांना?"

ह्यांनी मान हलवली. नव्हतं सांगितलं.

"बाईंचं वजन किती असेल?"

"असेल पन्नासएक."

"सदुसष्ट," मी म्हटलं. "वह्यांची पिशवी वेगळी."

हे माझ्याकडे बघतच राहिले. लग्नातला आकडा त्यांच्या डोक्यात तसाच बसला होता.

चाचांनी ट्यूबची फाटलेली जागा दाखवली. "हवा कमी, वर दोन माणसं. टायर रिमवर सरकला, ट्यूबला घेऊन गेला. व्हॉल्व्ह बिचारा काय करणार?" नवी ट्यूब घालून त्यांनी पुढे अठरा, मागे बत्तीस भरली. "एकटे असाल तर मागे अठ्ठावीस बस झाली. आणि सकाळी मोजायची, टायर थंड असताना. फिरून आल्यावर मोजाल तर आकडा खोटा बोलतो."

"गाडीच्या पुस्तकात काय आहे ते बघून घेतो," हे म्हणाले. माघार घ्यायची नव्हती.

पुस्तक होतं खरं. ते मिळवायला ह्यांनी गाडीपेक्षा जास्त मिनतवाऱ्या केल्या होत्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते कपाटात ठेवलं होतं. पानं खराब होतील म्हणून मला हात लावू देत नसत. घरी आल्यावर मी ते सरळ उघडलं. काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे ह्यांनीही वाचलेलं नव्हतं. मागच्या बाजूला छोटा तक्ता होता. पुढे अठरा, मागे अठ्ठावीस, दोघं असतील तर बत्तीस. चाचांनी ते पुस्तक जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मी तक्ता ह्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "मला साधारण असंच वाटत होतं."

आता हवा मोजायचं छोटं यंत्र माझ्या पर्समध्ये असतं. सोमवारी सकाळी निघण्याआधी मीच मोजते, हे पंप मारतात. पाठ पुष्कळ बरी आहे.

गेल्या महिन्यात शिरपामाळला गेलो होतो. फिरायला आलेल्या दोघांनी गाडीपाशी उभं राहून फोटो काढले आणि एवढ्या जुन्या गाडीच्या टायरात हवा किती भरता म्हणून विचारलं. ह्यांनी त्यांना स्वतःचा अनुभव म्हणून अर्धा तास समजावून सांगितलं. मी पलीकडे दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा संपवल्या.