प्लॅटीचं पहिलं बाळंतपण

भिलाईत कारखान्याच्या विस्ताराचं काम चालू होतं, त्या वर्षांतल्या एका मार्च महिन्यात आमच्या घरातली नारंगी प्लॅटी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पाठवण्यात आली. प्लॅटी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा शोभेचा मासा. तो अंडी घालत नाही, सरळ पोहती पिल्लं देतो. एवढ्या एका गुणावर आईने त्याला घरच्या माणसांत धरलं होतं.

माहेर समोरच्याच क्वार्टरमध्ये होतं. तिथल्या बंगाली चार्जमनने, म्हणजे भट्टीवरच्या मुकादमाने, हे मासे कलकत्त्याहून काचेच्या बरणीत, मांडीवर सांभाळत आणले होते. त्यांची काचपेटी कारखान्यातल्या अँगलच्या चौकटीत बसवलेली होती. आमचीही. हा अँगल घरापर्यंत कसा आला, हे कॉलनीत कोणी कोणाला विचारत नसे. देश उभा राहत होता, थोडं लोखंड इकडेतिकडे होणारच.

वहिनीलाही तेव्हा सातवा महिना होता. तिचं माहेर भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात. डॉक्टर गाठायचा तर बैलगाडीने तुमसर. गावातल्या सुईणीला अनुभव दांडगा होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वहिनीच्या थोरल्या बहिणीचं बाळ त्याच माहेरी, जन्माच्या दुसऱ्या दिवशी गेलं होतं. क्वार्टरपासून सायकलच्या अंतरावर कारखान्याचं हॉस्पिटल होतं आणि कामगाराच्या बायकोला ते फुकट होतं. वहिनीला तिथं बाळंत व्हायचं होतं.

"पयलं बाळंतपण माहेरीच होते," आई म्हणाली. "आमच्याकडे तसंच आहे."

विषय संपला. दादाचं मत विचारण्यात आलं नाही. तो रोलिंग मिलमध्ये शिफ्टला होता, आणि घरी असता तरी फरक पडला नसता.

नियम सगळ्यांना सारखा, हे दाखवून देण्याची संधी प्लॅटीने दिली. तिचं पोट फुगलं, शेपटीकडे काळा डाग दिसू लागला. आईने बरणीला हळदकुंकू लावलं, सोबत नारळ आणि खण घेतला आणि रस्ता ओलांडला. चार्जमनने नारळ घेतला, खणाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माँजी, इसको अलग रखना पड़ेगा. बरनी में, थोड़ा घास डालके."

"पोटुशीले एकटं ठेवते का कोणी? तिच्या मायजवळ सोडा."

चार्जमन भट्टीवर माणसं हाकत असे. आईपुढे त्याने एकदाच मान हलवली. प्लॅटी मोठ्या पेटीत, आपल्या माणसांत, सोडण्यात आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार्जमनची बायको दारात आली. पिल्लं झाली होती. एकही उरलं नव्हतं. खाणाऱ्यांत प्लॅटीची आई होती, मावश्या होत्या, आणि चार्जमनच्या मते ती स्वतःही होती.

आईने घटनेची कारणमीमांसा लगेच केली. "बंगाल्याच्या घरच्या मासोळ्या. मासोळ्याच खातीन, नाही तं का?"

वहिनी अंबाडी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सारे माहेरचेच होते ना, आत्याबाई?"

"मंग? तुह्या माहेरचे का तुले खाऊन राहिले?"

"मले नाही. ताईचं लेकरू गेलं."

अंबाडीचं ताट आईने स्वतःकडे ओढलं आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

दादा शिफ्टवरून आला तेव्हा ती म्हणाली, "त्या दवाखान्यात नाव कधी लिहितेत, विचारून ये." आपला निर्णय बदलला, असं तिने पुढेही कधी मान्य केलं नाही. तिच्या खुलाशानुसार माहेर म्हणजे माय. माय इथं आली की माहेर इथंच. रीत मोडलेली नाही, फक्त तिकीट दुसऱ्या बाजूने काढायचं. वहिनीची आई पॅसेंजरने दुर्गला उतरली, सोबत डिंकाचे लाडू होते. सुईणही यायला तयार होती. तिला कळवण्यात आलं की जागा नाही.

प्लॅटी दरम्यान घरी परतली होती. महिन्याभरात तिचं पोट पुन्हा फुगलं. यावेळी आईने लोणच्याची बरणी रिकामी करून दोनदा उकळत्या पाण्याने धुतली, थंड झाल्यावर तीत पाणवनस्पती टाकली आणि प्लॅटीला एकटीला सोडलं. पिल्लं झाल्याबरोबर तिलाही बाहेर काढलं. ओळखीची मासोळी म्हणून कोणालाही सवलत नव्हती. वहिनीची आई हे सगळं स्टुलावर बसून पाहत होती.

मे महिन्यात वहिनी कारखान्याच्या हॉस्पिटलमध्ये बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी आठवड्याने सायकलरिक्षातून घरी आल्या. बरणीतली सात पिल्लं तोपर्यंत जिवंत होती.