पुसलेल्या शाईच्या दोन नळ्या

केस पिकायला लागले, पोटची लेक खांद्याला लागली, तरी घरात तिचं नाव धाकटीच राहिलं. काम मात्र तिचं मोठं विलक्षण. माणसाच्या रक्तात काही पांढऱ्या पेशी असतात. अंगात कुठे कॅन्सरची पेशी दिसली, की तिला घेरून मारायचं, हा त्यांचा धर्म. पण कॅन्सर झालेल्या माणसाच्या या पेशी कित्येकदा शत्रूच्या अंगाला अंग लावून नुसत्या बसून राहतात. मरत नाहीत, मारत नाहीत. त्या का बसतात, या एका प्रश्नापायी धाकटीनं आपली सारी उमेद खर्ची घातली होती.

रोग्यांच्या पेशींशी ताडून बघायला धडधाकट माणसांचं रक्त लागायचं. त्या सकाळी तिनं स्वतःचं दिलं आणि थोरल्या भावालाही ओढून आणलं. दादा शिंपी. जन्म सुईबरोबर गेलेला, पण नर्सच्या हातातली सुई बघून त्यानं डोळे असे घट्ट मिटले, की वहिनीला हसू आवरेना.

"अहो, कापडाला टोचताना कधी विचारता का त्याला?"

"कापड बोलत नाही, म्हणून तर त्याच्याशी पटतं माझं," दादा डोळे मिटूनच म्हणाला.

नळ्या दोन. धाकटीनं त्यांच्यावर मार्करनं खुणा केल्या आणि छापील चिठ्ठी नंतर लावू म्हणाली. मग नळ्या स्पिरिटनं पुसताना तिच्याच हातून शाईही पुसली गेली. लक्षात आलं, तेव्हा तिला फारसं वाईट वाटलं नाही. दोन्ही रक्तं निरोगी. कुठलं कुणाचं, यानं काय बिघडणार होतं?

दोन्ही रक्तांतल्या पांढऱ्या पेशी तिनं काचेच्या दोन बशांत कॅन्सरच्या पेशींबरोबर सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्या बशीत, दाणे टाकल्यावर चिमण्या जमाव्यात, तशा पांढऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडल्या होत्या. दुसऱ्या बशीत त्या बसल्या होत्या. अंगाला अंग लावून, गप्प. रोग्यांच्या बशीत बसतात, अगदी तशाच.

धाकटीनं दोन्ही बशा पुन्हा एकदा पाहिल्या. यातलं एक रक्त तिचं होतं, एक दादाचं.

"दहा कारणं असतात," प्रयोगशाळेतले तिचे सर म्हणाले. "नळी तापली असेल, नाहीतर सर्दी होऊन गेली असेल. ही काही रोगाची तपासणी नव्हे, हे मी तुला सांगायचं का? फेकून दे, नवीन रक्त घे. आणि इतकंच वाटत असेल, तर दोघं डॉक्टरांकडे जाऊन या."

ती दहाही कारणं तिला पाठ होती, पण मन एकावरही टेकेना. आपलंच असू दे, असं ती दिवसभर घोकत राहिली. जेवताना लेकीनं तिच्यापुढे ताट सरकवलं. "आई, लक्ष कुठंय तुझं?" आणि धाकटीच्या मनात सर्रकन काहीतरी उलटलं. दादाचं असू दे. विचार आला तसा गेला, पण जाताना दार उघडंच टाकून गेला. आपल्याला नेमकं काय हवंय, तेच तिला उमगेना.

ती दादाच्या दुकानात गेली, तेव्हा मशीन खडखडत होतं.

"परत रक्त? पहिलं प्यायलात की काय?"

धाकटीनं सगळं सांगितलं. जेवतानाचं तेवढं नाही सांगितलं. दादानं पायडलवरचा पाय काढला.

"म्हणजे आपल्यापैकी एकाचे शिपाई झोपा काढतायत."

"तसं म्हणता येत नाही, दादा. तसं नाहीच, असंही म्हणता येत नाही."

"मग म्हणता काय येतं?"

"तेच कळत नाहीये."

दादानं हातातलं कापड बाजूला ठेवलं. "माझेच असतील गं. लहानपणी तुझ्या वाटची भांडणंसुद्धा त्यांनीच केली. दमले असतील बिचारे."

ती हसली, आणि हसताहसता तिला डोळे पुसावे लागले. शेजारी काजं करत बसलेल्या वहिनीनं दादाच्या बाहीचं बटण सोडलं.

या वेळी छापील चिठ्ठ्या आधी लागल्या. तरी धीर होईना, तेव्हा दुकानातून पदराला चिकटून आलेला निळा दोरा धाकटीनं दादाच्या नळीला गुंडाळला. मधल्या वेळात दोघांनी डॉक्टरांकडे रीतसर तपासून घेतलं. काही सापडलं नाही.

आणि बशीत? निळ्या दोऱ्याच्या पेशी तुटून पडल्या होत्या. तिच्याही.

मग तेव्हा कोण बसलं होतं? नळी तापली होती, की रक्तच दमलं होतं? आता विचारायचं तरी कुणाला? जुनी बशी तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. झाकण लावलं, तरी तिथून तिचा पाय निघेना. तेवढ्यात फोन वाजला.

"उठले का गं शिपाई?"

"दोघांचेही, दादा."

"मग आधी झोपले होते ते कुणाचे?"

धाकटीनं त्या झाकणाकडे पाहिलं.

"माझे," ती म्हणाली.

"वाटलंच मला," दादा हसला, आणि त्याच्या मागे मशीन पुन्हा खडखडायला लागलं.