मामीला भारीच लागतं

कवळीकाकांना सगळं दातांवरून कळायचं. उभं आयुष्य त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवण्यात घालवलं. माणसाने दारातून "आहात का?" एवढं विचारलं, की आतून काका ओरडायचे, "खालची सैल झालीय, या!" घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. टेबलावर प्लास्टरचे जबडे, बशीत गुलाबी पावडर, आणि खिडकीत सुकत ठेवलेली कुणाची ना कुणाची हसरी बत्तिशी. नव्याने गल्लीत आलेला माणूस त्या खिडकीकडे बघून एकदा तरी दचकायचाच.

दारात मात्र एक मोटरसायकल उभी असे. काळी, बोजड, सगळ्या अंगाने गोल. काकांच्या मामाने ती जाताना भाच्याला दिली होती, म्हणून गल्लीने तिचं नाव 'मामी' ठेवलं. मामाने गाडी देताना एकच ताकीद दिली होती : "हँडलच्या डाव्या बाजूला तो छोटा खटका आहे ना, त्याला हात लावायचा नाही. तो मी बसवलाय तसाच राहू दे." खटका कशाचा, हे सांगायचं राहून गेलं. काकांनीही कधी विचारलं नाही. पण शब्द पाळला. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खटक्याला एकदाही हात लावला नाही. मेकॅनिकलासुद्धा लावू दिला नाही. मामीच्या दुखण्याखुपण्याचं सगळं ते स्वतःच बघत.

काका एकटे असले की मामी गुणी असायची. चढ असो, खड्डा असो, एका सुरात चालायची. काकू मागे बसल्या की मात्र तिचे दात वाजायचे. हे काकांचंच निदान. काकूंची बहीण टेकडीवर राहायची. दर रविवारी तिच्याकडे जाताना तिठ्यापुढचा चढ लागला, की इंजिनातून टक-टक-टक सुरू. अगदी सैल कवळीने फुटाणे चावल्यासारखं. मग वळणावर गाडी आचके देई, काकू उतरत आणि उरलेला चढ पायी चढत. वरच्या गच्चीतून बहीण ओरडायची, "ताई, तू भावोजींना घेऊन आलीस की भावोजी तुला?"

काकांनी यावर उपाय शोधला तो पेट्रोलात. पंपावर दोन प्रकारचं मिळायचं. एक साधं, आणि एक महागडं, ज्याला सगळे 'भारी' म्हणत. भारी घातल्यापासून टकटक थोडी कमी झाली, आचके मात्र गेले नाहीत. तरी काका छाती काढून सांगू लागले, "मामीला भारीच लागतं. जुन्या खानदानी माणसाला खुराक लागतो."

पंपावरची मुलगी हसायची. "काका, भारी म्हणजे खुराक नव्हे हो. भारी म्हणजे थंड डोक्याचं. लवकर भडकत नाही. नव्या तापट इंजिनांना ते लागतं. तुमची मामी शांत आहे, तिला साधं पुरतं."

"मग ती टकटक करते ती काय गंमत म्हणून?"

"ते मात्र मला नाही माहीत."

"मग झालं तर! भारी घाल."

एका रविवारी प्रकरण पेटलं. काकांच्या साडूचं टेकडीवरच छोटं हॉटेल होतं, आणि मामीवर त्याचा बरेच दिवस डोळा होता. चालवायला नव्हे. त्याला ती हॉटेलच्या दारात उभी करून सीटवर फर्नची कुंडी ठेवायची होती.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी तुम्ही दोघं बसल्या बैठकीला वर आलात, तर मी पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही. पण ताई वळणावर उतरल्या, तर मामी माझ्या दारात. कबूल?"

शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण मेहुणी गच्चीवरून बघत होती.

"कबूल!" काका म्हणाले. काकूंनी कपाळावर हात मारला.

आठवडाभर काकांना कुंडीची स्वप्नं पडली. एकदा तर मामीच्या हेडलाइटमधून पान फुटलेलं दिसलं. शनिवारी त्यांनी टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल काढून टाकलं. उद्या ताजं, निव्वळ भारी. थेंबाचीही भेसळ नको. पंपापर्यंत जाण्यापुरतं तेवढं तळाशी ठेवलं.

रविवारी काकू मागे बसल्या. त्यांची भली मोठी कापडी पिशवी काकांनी नेहमीप्रमाणे हँडलला, डाव्या बाजूला अडकवली. पंपावर पोचल्यावर काकू उतरून सावलीत उभ्या राहिल्या.

"भारी. फुल्ल," काका म्हणाले.

"भारी संपलंय, काका. टँकर उद्या येणार."

काकांचा चेहरा पडला. जवळपास दुसरा पंप नव्हता, आणि असता तरी रिकाम्या टाकीवर तिथवर पोचायचं कसं? ते मुलीच्या कानाशी वाकले. कुजबुजायचं होतं, पण कवळ्या घासायचं मशीन कानाशी चालवून चालवून काकांना कुजबुज कशी करतात याचा विसर पडला होता.

"अगं, आज भारी लागणारच! मागे भारी आहे ना!"

हवा भरणाऱ्याने नळी खाली ठेवली.

"काय म्हणालात?" सावलीतून काकू.

"पेट्रोल गं... पेट्रोलबद्दल..."

"पेट्रोल पुढे टाकीत असतं. मागे कोण असतं?"

पंपावरची मुलगी मीटरकडे बघू लागली, जणू आकडे पहिल्यांदाच बघतेय. साधं पेट्रोल टाकीत पडत राहिलं.

काकू सरळ येऊन बसल्या. मग हात लांब करून हँडलवरची पिशवी काढून घेतली आणि मांडीवर घट्ट धरली. "राहू दे. माझं वजन माझ्यापाशी. तुमच्या मामीला कशाला त्रास?"

तिठा आला. काकांनी मनातल्या मनात मामीचा निरोप घेतला. टाकीत साधं, मागे काकू, काकूंच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीवर राग. चढ सुरू झाला. काका कान टवकारून टकटकीची वाट बघत होते.

काही नाही.

वळण आलं. काही नाही. मामी अशी चढत होती, जणू नव्या मापाची कवळी घालून कुणी सफरचंदाचा पहिला घास घ्यावा. बघता बघता हॉटेल आलं. साडू दारात उभा होता. हातात कुंडी.

"या," तो म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

"कुंडी कुणाला, मला का?" काकूंनी उतरता उतरता विचारलं आणि काढूनच घेतली.

दिवसभर काका फुशारकी मारत होते. साधं ते साधं, भारी म्हणजे निव्वळ श्रीमंती थाट, मी तर आधीपासून सांगत होतो. काकू एकेक करून फर्नची पानं पुसत होत्या. हे लक्षण चांगलं नव्हतं.

निघताना काकांनी किक मारली. मामी संथपणे धडधडू लागली. मेहुणीने काकूंची पिशवी आणून सवयीने हँडलला अडकवली, आणि मामीची चाल एकदम बदलली. धडधड घाईची झाली. काकांनी पिशवी उचलली. स्प्रिंगने तो छोटा खटका टुणकन वर आला, चाल पुन्हा संथ. पिशवी अडकवली, घाई. उचलली, संथ.

मामाचा खटका! ठिणगी लवकर पडायची की उशिरा, ते ठरवणारा. पिशवीच्या ओझ्याने तो खाली ओढला जायचा, ठिणगी वेळेआधी पडायची, आणि चढावर मामीचे दात वाजायचे. हात लावू नकोस म्हणून मामाने सांगितलं होतं. काकांनी हात लावला नव्हता. फक्त पिशवी लावली होती. दर रविवारी.

हे सगळं काकांना क्षणात कळलं. आणि त्याचबरोबर हेही कळलं, की ते बोलून दाखवण्यात काही शहाणपण नाही.

"काय झालं?" काकू.

"कुठे काय?"

टेकडी उतरून सपाटीला लागल्यावर काकू कानाशी आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कुंडी. "अहो, मला एवढंच सांगा. भारी कोण होतं?"

काकांनी गाडीचा वेग कमी केला. "पिशवी," ते म्हणाले.

"आं? ऐकू नाही आलं."

"पिशवी होती! पिशवी!" भर चौकात काका ओरडले. सिग्नलला थांबलेल्या लोकांनी माना वळवल्या. काकूंचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कवळीच्या मसाल्याचा एक मजबूत आकडा बनवला आणि उजव्या बाजूला पिशवीसाठी बसवला. अजून आहे तो. काळ्याकुट्ट मामीवर एकच गुलाबी वस्तू, थेट हिरडीच्या रंगाची. टाकीत आता साधंच असतं, आणि दोघं बसल्या बैठकीला वर जातात.

क्वचित एखाद्या रविवारी काकूंना बहिणीकडे जायचा कंटाळा येतो. मग त्या गुलाबी आकड्याकडे ढुंकूनही न बघता पिशवी सावकाश डावीकडे अडकवतात.

काका ते बघतात आणि किक मारतात. मग चढ लागतो, टक-टक-टक सुरू होतं.

"अगंबाई," काकू मागून म्हणतात, "मामीला आज बरं नाही वाटतं."

"हो ना," काका म्हणतात आणि गाडी वळवतात.