खोकल्यालाही रक्त मोजायला लावणारे डॉक्टर

साध्या सर्दी-खोकल्यापायी दुसऱ्याला इतकं छळणारा डॉक्टर मनोरच्या हायवेपासून एडवणच्या किनाऱ्यापर्यंत आणखी कोणी झाला नाही, आणि तो छळ सोसणारा म्हणजे मी. ऐंशीच्या दशकात बोईसर स्टेशनजवळ माझी रक्त-लघवी तपासायची लहानशी लॅब होती आणि समोरच या गृहस्थांचा दवाखाना. बाकी कुठेही खोकत गेलं की दंडात सुई आणि हातात कॅप्सूलची पुडी मिळे. आमचे डॉक्टर छाती ऐकत, घसा बघत आणि जरा शंका उरली की औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी खरडत : ‘खोकला, ताप, तीन दिवस. मोज.’ मोजायच्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या वाढल्या नसतील तर बहुधा ताप व्हायरल, त्याला अँटिबायोटिक द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

बरं, आजच्यासारखं यंत्र नव्हतं. मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी मोजायची. मध्येच कोणी ‘चहा घेणार का?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. पांढऱ्या पेशींत कोणत्या जातीच्या किती, या वर्गवारीसाठी सगळे शंभर पेशी बघत, हे म्हणत, दोनशे बघ. मी एकदा वैतागून म्हणालो, “डॉक्टर, डोळे जातील माझे!”

“जाऊ देत,” ते म्हणाले, “पण दोनशे झाल्यावर.”

आणि पेशंटची बोलणी कोणी खायची? मीच! शिरगावची एक कोळीण बोट मागे ओढून ओरडली, “खोकला छातीत हाय आन् तू बोट टोचतंस? टोचायचंच तर दंडात टोच ना, गुण तरी येल!” कारखान्यातले कामगार हात जोडत, “भैया, ड्यूटी पे जाना है, सुई लगवा दो.” हळूहळू लोकांना कळलं की आकडा मोठा आला तरच कॅप्सूल मिळते. मग ते परीक्षेचे मार्क वाढवून मागावेत तशा पेशी वाढवून मागू लागले. “थोडं जास्त लिवा ना, भाऊ!” मी त्यांना झापत असे. खोटं लिहायचं नाही एवढा एकच ताठा माझ्यापाशी होता.

मग माझी सहा वर्षांची मुलगी तापली. तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, पोर खोकून खोकून निळसर दिसायला लागली, निदान मला तरी. बायको म्हणाली, “अहो, साऱ्या गावाचं रक्त मोजता, पोरीला औषध कधी?” मी मोजलं. सात हजार. निरोगी माणसाच्या रक्तात असतात तेवढ्याच. पुन्हा मोजलं, तेच. आणि रिपोर्टवर मी सोळा हजार लिहिलं.

रिपोर्ट वाचून डॉक्टर तडक घरी आले. पोरीची छाती ऐकली, न्यूमोनियात श्वास वाढतो म्हणून घड्याळ धरून श्वास मोजले, मग रिपोर्ट पुन्हा वाचला. मी एकूण आकडा फुगवला होता. खालची वर्गवारी मात्र सवयीने खरीच लिहून गेलो होतो, दोनशे पेशींची. आकडा मोठ्या आजाराचा आणि वर्गवारी साध्या तापाची, दोन्हींचा मेळ बसत नव्हता. त्यांनी कॅप्सूल दिली नाही. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्या उशाशी बसले आणि श्वास मोजत राहिले. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही त्या शिव्या दिल्या.

चौथ्या दिवशी ताप उतरला, पोरीने पेज मागितली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, “डॉक्टर, तो आकडा खोटा होता.”

“ठाऊक होतं,” ते चपला घालत म्हणाले. मग वळून म्हणाले, “तुझ्या आकड्यावर मी रोज माणसं औषधाशिवाय घरी पाठवतो रे. तू खरं लिहितोस म्हणून मला झोप लागते.”

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्यानंतर इतक्या भरवशाने माझ्याकडे कोणी काही तपासायला पाठवलं नाही.