नवाबासमोर 'हो' म्हणायचं नाही

घोड्याच्या शेपटीत कुसळं अडकतात तसे काही किस्से घराला चिकटतात. एक उपटायला जावं तर त्याच्याबरोबर चार निघतात! आमच्याकडं नवाबाचे किस्से असेच. नवाब म्हणजे घोडा, हे आधीच सांगून ठेवते. निजामाच्या राज्यात या नावापायी आमची चांगलीच फजिती झाली होती.

आमचं गाव अणदूरच्या शेजारचं. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबापुढं जुन्या किल्लेदाराची स्वारी निघायची. कुण्या एके काळी देवाची मूर्ती चोरीला गेली आणि नळदुर्गच्या किल्लेदारानं ती घोड्यावरनं परत आणली, त्याचं हे सोंग. देवळाच्या महाद्वारात पुजारीबाबा तीनदा विचारणार, "किल्लेदार, देव आणला का?" किल्लेदारानं घोड्यावरनंच तीनदा म्हणायचं, "हो!" तेवढ्यात घोडा हलला की स्वारी मोडली. मग थांबा पुढच्या सालापर्यंत!

त्या साली आमचे हे विषमज्वरातनं उठले. वैद्यांनी हात टेकले तेव्हा मीच खंडोबाला बोलले होते, "यांना उठव. किल्लेदार करून, घोड्यावर बसवून तुझ्या पायरीपर्यंत आणीन." देवानं ऐकलं. पण पुजारीबाबा म्हणाले, "वहिनी, घोडं महाद्वाराच्या आत कधी आलं न्हाय. दारापर्यंत आणा, नवस फिटला समजा."

मी मान डोलावली. मनात मात्र खुटखुटत राहिलं. शब्द तर पायरीचा दिला होता!

आणि हे? जन्म गेला कापडाच्या दुकानात, गादीवर. म्हणाले, "अगं, नवस बोलताना निदान बैलगाडी तरी म्हणायचीस!"

*

पहिला घोडा वरातीचा आणला. दिसायला राजबिंडा! पण हलगी वाजली की पुढचे दोन्ही पाय उचलून नाचायला लागायचा. स्वारीत तर हलगी हवीच.

माझे धाकटे दीर, बापू भावजी, कुंपणाला टेकून बघत होते. म्हणाले, "वहिनी, किल्लेदार असा नाचत आला तर चोरानं मूर्ती खाली ठिवून बक्षीस दिलं आसतं!"

*

मग बापू भावजी उमरग्याच्या बाजारात गेले. घोडेवाल्याला सांगितलं, "लई गरीब पायजे. हलगी वाजू दे, बार उडू दे, जागचं हलायचं न्हाय."

त्यानं दाखवलेला घोडा खरोखरच हलला नाही. हलगीला नाही, बाराला नाही. घरी आणायला निघाले, तेव्हाही नाही! ओढून ओढून भावजींचे तळहात सोलले.

घोडेवाला शांतपणे म्हणाला, "आता चालायचं बी पायजे हुतं, हे आधी बोलायचं न्हाय का?"

*

शेवटी नवाब मिळाला, तो नळदुर्गच्या रहीमचाचांचा. बारा गावचे लोक टांग्यातनं नेलेला, रस्त्यावरच्या मोटारी पाहिलेला, शांत डोळ्यांचा. माझा नवस ऐकून चाचा म्हणाले, "बेटी, देवाच्या कामाला न्हाय कसं म्हणू? घेऊन जा."

आता स्वारीसाठी पोलीस चौकीतल्या अमीनसाहेबांची परवानगी हवी. भावजी चौकीत गेले आणि छाती काढून म्हणाले, "साहेब, यंदा आमचे दादा नवाबावर बसून येणार हायत!"

अमीनसाहेबांचा चहाचा कप ओठाशीच थांबला. "कौनसे नवाब पर?"

भावजींना घाम फुटला. खिडकीकडं बोट करून म्हणाले, "त्यो काय साहेब, बाहेर तुमच्या दारचा कडबा खातुय!"

परवानगी मिळाली. कडब्याबद्दल मात्र बोलणी खावी लागली.

*

सरावाच्या पहिल्याच दिवशी गोंधळ. हे वर बसले, नवाब जरा जोरात चालला, तसे भावजी बैलाला थांबवतात तसं ओरडले, "हो! हो!" नवाब पळायला लागला! भावजी आणखी जोरात, "होऽ होऽ!" नवाब आणखी जोरात! थेट नळदुर्गच्या टांगा अड्ड्यावर जाऊन थांबला. हे आयाळ धरून डोळे मिटून बसलेले.

रहीमचाचा हसून हसून खाली बसले. म्हणाले, "मैं पूछता, बैठे क्या? सवारी बोलती, हौ. हौ बोले तो चलना, इत्ताच इसकू मालूम!"

महाद्वारात तर तीनदा 'हो' म्हणायचं!

पुजारीबाबांना विनवलं, "'व्हय' म्हटलं तर चालेल का?"

ते ताठ झाले. "वहिनी, किल्लेदार हाय त्यो! व्हय म्हनंल का?"

*

मग मी पदर खोचला. हे वर बसून 'हो' म्हणणार, मी लगाम धरून ठेवणार, आणि नवाब उभा राहिला की तोंडात गूळ-हरभरा. चुकला की पुन्हा. वर भावजींची हलगी, मी उधळलेला भंडारा. रविवारी माझा खंडोबाचा उपास. त्या दिवशी माझ्या वाटणीचा गूळही नवाबालाच. शेजारच्या काकू भिंतीवरनं म्हणायच्या, "नवऱ्याला इतका गूळ चारला आसता तर घोड्याविनाच उडाला आसता!"

पण नवाब शिकला. यांच्या आवाजातल्या 'हो'ला खांबासारखा उभा राहू लागला. बाकी कुणाचाही 'हो' मात्र त्याला अजून टांग्यातल्या सवारीचाच वाटायचा! म्हणून घरात 'हो' बंद. भाकरी वाढू का विचारलं की सगळे नुसत्या माना हलवायचे. माझ्या आईबरोबर पाहुणे आलेले मामा तिला हळूच म्हणाले, "सासर चांगलं हाय गं पोरीचं. पण समदीच मुकी?"

*

चंपाषष्ठी उजाडली. भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालेलं. हे मंदील बांधून, लाकडी तलवार लावून नवाबावर बसले. वाटेत हलगी वाजली, बार उडाले. नवाबानं कानसुद्धा हलवला नाही. महाद्वारात उभा राहिला.

"किल्लेदार, देव आणला का?"

"हो!"

मी पदराची गाठ आवळून धरली. दुसरा 'हो' झाला. तिसरा झाला. नवाब दगडासारखा! "यळकोट यळकोट, जय मल्हार!" सगळा गाव गर्जला. हे उतरायला एक पाय उचलणार, तेवढ्यात गर्दीतल्या एका आजीनं स्वारी बघायला आलेल्या रहीमचाचांना विचारलं, "घोडं तुमचं का, बाबा?"

चाचांची छाती फुलली. मोठ्यांदा म्हणाले, "हौ!"

नवाब निघाला! यांना घेऊन महाद्वारातनं आत, दीपमाळेला वळसा घालून, थेट गाभाऱ्यासमोरच्या पायरीशी. तिथं वाट संपली तसा थांबला आणि त्यानं मान खाली घातली.

मी धावत जाऊन पायरीशी उभी राहिले, डोळ्यांना धारा. पुजारीबाबांनी घोड्याकडं पाहिलं, पायरीकडं पाहिलं, मग मूठभर भंडारा नवाबाच्या कपाळाला लावला. मला म्हणाले, "वहिनी, आता तरी फिटला ना नवस?"

मी बोलायला तोंड उघडलं, तसे हे आयाळ घट्ट धरून वरनं ओरडले,

"अगं, मानेनं सांग! मानेनं!"