उपाशीपोटी रक्तातला चहा

पनवेलजवळच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी मास स्पेक्ट्रोमीटर सांभाळते. रक्ताच्या थेंबात त्या घडीला कोणकोणते पदार्थ आहेत, हे ते यंत्र रेणूंच्या वजनावरून ओळखतं. यंत्राशेजारच्या भिंतीवर माझ्या याद्या असतात. रोजची, आठवड्याची आणि लोकांनी काय करू नये याची. ही तिसरी सर्वांत लांब.

पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा विषय मधुमेह होता. ओवे गावातल्या बत्तीस जणांचं उपाशीपोटी घेतलेलं रक्त तिने आणलं. आम्ही नमुने चालवले, तर जवळजवळ प्रत्येकाच्या आलेखात कॅफीनचं उंच शिखर.

“नमुने हाताळताना चहा पीत होतीस?”

“मॅडम, तुमची यादी वाचल्यापासून मी या मजल्यावर पाणीसुद्धा पीत नाही.”

रक्ताशिवाय नुसतं द्रावण चालवून पाहिलं. स्वच्छ. म्हणजे चहा माणसांच्याच रक्तात होता, आणि आदल्या संध्याकाळचा इतका उरत नाही. चहाबरोबर दूध-साखरही आलीच. सगळे नमुने बाद. तिची फेलोशिप संपत आली होती, यंत्रावरची तिच्या वाट्याची पाळीही याच नमुन्यांवर खर्ची पडली होती. ती नळ्यांची झाकणं उगाच घट्ट करत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओव्याला गेलो. ज्यांच्या ओटीवर रक्त घेतलं होतं, त्या काकूंनाच विचारलं, “त्या सकाळी कोणी काही खाल्लं होतं का?”

“कोनी नाय. मी सोता उभी व्हते.”

“आणि चहा?”

“चाय दिली ना. सकालच्या पारी माणूस दारात येतंय, तो पन रगत द्याला. चाय काय खानं हाय?”

गावात वाटलेला कागद मीच लिहिला होता. ‘काही खाऊ नये’ एवढंच. पिण्याबद्दल अक्षर नव्हतं. मुलीला तिथेच सांगितलं, “चूक माझी आहे. यंत्रावरच्या पाळीचं मी बघते.” मग काकूंना म्हटलं, “पुन्हा रक्त घ्यावं लागेल. या वेळी चहा नको.”

“बिनचायचं कोनी माझे ओटीवरून जानार नाय.”

“जाऊ देऊ नका. आधी सुई, मग कप.”

हे त्यांना पटलं. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, लोकांच्या सह्या, नर्स, बर्फाची पेटी, एकेक उरकलं. पुन्हा रक्त घ्यायच्या सकाळी काकू पातेल्यावर झाकण ठेवून दारात बसल्या आणि दंडावर कापूस दाबलेला दिसल्याशिवाय कोणाला कप देईनात. एका आजोबांनी रांगेतूनच कुरकुर केली. “आदी रगत काढा, मंग बोला,” काकू म्हणाल्या.

यंत्राच्या देखभालीसाठी राखलेल्या माझ्या दिवसांतला एक मी तिला दिला. बत्तीसपैकी तीस नमुने चांगले निघाले. दोघे घरूनच चहा पिऊन आले असावेत.

“कोण ते शोधू का, मॅडम?” तिने विचारलं.

“नको. तीस पुरतात. तू लिहायला बस.”